व्हिडिओ सगळ्यांकडे पोहोचला, सहीला कोणी येईल का?

नमस्कार मंडळी,

हे पत्रक पैशांसाठी आहेच, पण ते शेवटी. आधी प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या पोलीस तक्रारीत साक्षीदाराची जी सही लागते, तिचं बोलू.

पावसाळ्यात आपल्या शहरातल्या एका सोसायटीच्या मागे सकाळी तीन कुत्री मरून पडलेली सापडली. तोंडाला फेस, शेजारी कागदात मटणाचे तुकडे. साडेसातपर्यंत त्याचा व्हिडिओ नाशिकरोडपासून सातपूरपर्यंत फिरला होता. आमच्यातल्या काहींना तर तो चार-चार ठिकाणांहून आला, खाली हात जोडलेले आणि रडके चेहरे. आम्ही तिघं तिथे पोहोचलो तोवर जागा पाण्याने धुऊन निघाली होती आणि कुत्री घंटागाडीत गेली होती. रात्री कोण खाली उतरलं, पुडी कुठे ठेवली, हे तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी गॅलरीतून पाहिलं होतं. त्यांनी आम्हाला वेळेसकट सगळं सांगितलं. पोलीस ठाण्यात चला म्हटल्यावर मात्र म्हणाले, "अहो, तो रोज लिफ्टमध्ये भेटतो मला."

काकांना आम्ही बोल लावत नाही. लिफ्ट एकच आहे, हे खरंच आहे. पण प्रकरण तिथेच बसलं.

आम्ही नाशिकरोड परिसरातली दहा-बारा माणसं आहोत. कुणी नोकरदार, कुणी कॉलेजात, दोन गृहिणी, एक निवृत्त कंपाउंडर, एक वकीलताई. जखमी जनावराला दवाखान्यात न्यायला आता फार अडत नाही, कोणी ना कोणी रिक्षा काढतो. अडतं ते तक्रारीपाशी.

कायदा अगदीच लंगडा आहे असंही नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये आहे. हो, पन्नासच; तेवढ्यात दोघांचा वडापाव-चहासुद्धा नीट होत नाही. शिवाय त्यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत; त्यामुळे ठाण्यात एनसीचा, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात येतो आणि माणूस घरी परततो. पण प्राण्याला विष घालणं, मारून टाकणं किंवा कायमचं जायबंदी करणं यांना 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. जुन्या दंडविधानात प्राण्याची किंमत 10 रुपये की 50 रुपये यावर कलम बदलायचं. रस्त्यावरच्या कुत्र्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार, यावर ठाण्यात वाद व्हायचे. ती अट आता नाही. म्हणून तक्रारीत कलमाचा आकडा लिहाच. समोरचा अंमलदार नाही म्हणाला तर भांडू नका. तीच तक्रार लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे पाठवता येते, तो मसुदा वकीलताई करून देतात.

पुरावा मात्र पहिल्या दोन तासांतच हाती लागतो. विषबाधा वाटली तर मेलेलं जनावर पुरू नका आणि घंटागाडीत देऊ नका. पोतं पसरून त्यावर ठेवा, भोवती बर्फ लावा, पण फ्रीजरमध्ये टाकू नका. गोठलेल्या मांसातून शवविच्छेदनाला नीट काही कळत नाही. उरलेलं अन्न, ओकारी, पुडीचा कागद हे सगळं हातमोजे घालून वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. पोलिसांचं पत्र घेऊन सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन होतं आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. ती प्रयोगशाळा नाशिकमध्येच आहे, एवढं तरी आपलं नशीब. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ते त्याच दिवशी लेखी मागा. व्हिडिओ काढलाच आहे तर मूळ फाइल जपून ठेवा. फिरून आलेल्या प्रतीवर ना तारीख असते ना वेळ.

आता पहिली मागणी. आम्हाला साक्षीदार हवेत. दर प्रभागात निदान दोन माणसं, जी पंचनाम्याला उभी राहतील, जबाबावर सही करतील आणि पुढे तारीख लागली तर कोर्टात येतील. एकट्याने जायचं नाही. आमच्यातलं कोणीतरी तुमच्या शेजारी बसलेलं असेल, दोन तास लागोत नाहीतर पाच. ज्याने पाहिलं त्याला भीती वाटत असेल तर त्याने निदान आमच्याशी बोलावं. कधीकधी चौकीदार, दूधवाला, पेपरवाला असा दुसरा कोणी सापडतो, ज्याला त्या लिफ्टमध्ये चढायचं नसतं.

दुसरी मागणी घरांची. मे महिन्यात गावी जाताना लॅब्रॅडॉर हायवेला सोडून देणारी माणसं आपल्यातच आहेत. पिल्लू असतं तेव्हा त्याच्याबरोबर फोटो असतात. अंगाने वाढलं, केस गळायला लागले की घराचं नूतनीकरण निघतं. पाळीव प्राणी टाकून देणं हाही क्रूरतेचाच गुन्हा आहे, दंड तोच पन्नासाच्या आतला. असं घरात वाढलेलं कुत्रं रस्त्यावर आठवडाभर टिकत नाही, त्याला बाकीची कुत्री उभं राहू देत नाहीत. पंधरा दिवस, महिनाभर त्याला सांभाळणारी घरं हवीत; खाणं आणि औषध आमच्याकडे. आणि ज्यांना आपलं जनावर खरंच ठेवणं जमत नाही, त्यांनी सोडण्याआधी फोन करावा. कारण विचारू, पण ओरडणार नाही.

मांजर पाळणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो: ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तिला देऊ नका. मांजर त्याने मरतं. या वर्षी दोन वेळा असं झालं आणि दोन्ही घरं प्रेमळ होती.

कुत्र्यांना रस्त्यावर खायला घालणाऱ्यांशीही थोडं बोलायचंय. जिना, गेट, मुलांची खेळायची जागा सोडूनच घाला. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तेच आहे आणि 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्रभागात ठरवलेल्या जागीच घालायला सांगितलंय. आपल्या हट्टापायी चिडलेला शेजारी राग काढतो तो कुत्र्यावर. चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, लगेच दवाखाना गाठा. हळद नको, चुना नको.

संक्रांत तोंडावर आहे. नायलॉन मांजावर 2017 पासून बंदी असली तरी तो चोरून मिळतो, येवल्यापासून इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पंखात अडकलेला दोरा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. घुबड, घार असे वन्य पक्षी असतील तर वनविभागाचा 1926 क्रमांक आहे. गाई-म्हशींसाठी पशुसंवर्धन खात्याचा 1962. संक्रांतीच्या तीन दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी गाडी घेऊन थांबतील असे चार जण आम्हाला हवेत.

आता पैसे. पार्व्हो (उलट्या-हगवणीचा विषाणूजन्य आजार) झालेल्या पिल्लाला चार-पाच दिवस सलाईन लागतं, अपघातातल्या पायाला प्लेट लागते, आसड्या (अळ्या) पडलेली जखम रोज धुवावी लागते. मेडिकलवाला उधारी देतो, पण त्यालाही दुकान चालवायचंय. महिन्याला 100 रुपये देणारी माणसं आम्हाला एकदाच 5,000 देणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण मग डॉक्टरांना शब्द देता येतो. जमल्यास दवाखान्याचं बिलच थेट भरा. पत्रकावर क्यूआर कोड मुद्दाम टाकलेला नाही. मागच्या खेपेस कुणीतरी आमच्या पत्रकावर स्वतःचा कोड डकवून ते फिरवलं होतं. हे ज्याने तुम्हाला दिलं, त्यालाच विचारा, तो आमच्यातलाच आहे. परदेशातल्या मंडळींनी तूर्त पैसे पाठवू नयेत, परकीय देणगीची नोंदणी आमच्याकडे नाही. आई-वडिलांच्या सोसायटीत एक साक्षीदार मिळवून दिलात तरी खूप झालं.

आणि थंडी. निफाडचा पारा उतरला की इथली पिल्लंही कुडकुडतात. जुनी गोधडी, टॉवेल, तागाच्या गोण्या द्या. कांद्याच्या जाळीच्या गोण्या नकोत, त्यात पाय अडकतात. धुऊन दिल्यात तर उत्तम, नाही धुतल्या तरी आम्ही धुऊ.

नाशिकरोड परिसरातले प्राणिमित्र