पेढी कोल्हापुरातच राहू दे

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवाचा तुझा व्हॉइस मेसेज बाबांनी आणि मी दोघांनी मिळून ऐकला. थायलंडमधल्या चियांग माईहून पोर्तुगालला, लिस्बनला जायचं, एस्टोनियात कंपनी काढायची आणि इथल्या तुझ्या पेढीची नोंदणी बंद करून टाकायची, असे तीन बेत तू एका दमात सांगितलेस. लिस्बनला तू जरूर जा. एस्टोनियाची घाई करू नकोस. आणि इथली पेढी बंद करायला माझा स्पष्ट विरोध आहे. फोनवर हे सगळं तुटक तुटक होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या फिरण्याला विरोध म्हणून हे लिहीत नाहीये, हे आधी मनात पक्कं धर. दुसऱ्याच्या दुकानाची वेबसाइट बांधून द्यायची, ती सांभाळायची आणि त्यासाठी जगात कुठेही बसायचं, हे काम तू शून्यातून उभं केलंस. रॉटरडॅमचा माणूस आणि मेलबर्नची बाई तुला न भेटता तुझ्यावर विश्वास ठेवून दर महिन्याला पैसे पाठवतात. याचा मला फार अभिमान आहे, आणि ते मी चारचौघांत सांगतेही.

पण ते पैसे येतात कसे, याचा विचार कर. बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर माझी कितीतरी वर्षं गेली. बाहेरून रक्कम आली की आम्ही आधी पर्पज कोड, म्हणजे रक्कम कशासाठी आली त्याचा क्रमांक, विचारायचो. सॉफ्टवेअर सल्ल्याला पी ०८०२. तो कोड लागला, रक्कम खात्यात जमा झाली, की बँक पैसे परदेशातून आल्याचा कागद देते. त्या कागदावर तुझी सेवा निर्यात ठरते. निर्यात ठरली आणि एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरलेलं असलं की १८ टक्के जीएसटी आधी भरावा लागत नाही. तीच रक्कम आयकर विवरणात दिसते. आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, व्हिसा मागायला जातेस तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस बँक स्टेटमेंटबरोबर मागतो काय? गेल्या दोन-तीन वर्षांची आयटीआर. म्हणजे रॉटरडॅमच्या बिलापासून तुझ्या पासपोर्टवरच्या शिक्क्यापर्यंत एक सलग साखळी आहे, आणि तिची पहिली कडी आपल्या राजारामपुरीतल्या पत्त्यावर अडकवलेली आहे. ती काढलीस तर पुढची प्रत्येक कडी नव्याने घडवावी लागेल, तीही अशा देशात जिथे तुझा काहीच इतिहास नाही.

ज्यांचे व्हिडिओ तू बघतेस त्यातले बहुतेक जण अमेरिकन, जर्मन, नाहीतर ऑस्ट्रेलियन आहेत. ते तिकीट काढतात आणि लिस्बनला उतरतात. तुला त्याआधी बोटांचे ठसे, हॉटेलचं बुकिंग, विमा, शिल्लक, सगळं दाखवावं लागतं. त्यांना कंपनी कुठेही हलवणं परवडतं, कारण त्यांचा पासपोर्टच अर्धं काम करतो. आपल्याला ते काम कागदांकडून करून घ्यावं लागतं. हा अन्याय आहे असं मलाही वाटतं, पण म्हणूनच त्यांचा सल्ला तुला जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता एस्टोनिया. तिथली ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी माणसाला मिळणारी सरकारी डिजिटल ओळख, डिसेंबर २०१४ पासून आहे आणि व्यवस्था उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. घरबसल्या कंपनी निघते, डिजिटल सही मिळते. मात्र तिने तिथे राहायचा हक्क मिळत नाही आणि तुझा कर कुठे लागायचा हेही बदलत नाही. तू कायद्याने भारतात राहणारी असशील तर परदेशात कंपनी काढणं ही तुझी परदेशी गुंतवणूक झाली. त्याला फेमाचे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे, ऑगस्ट २०२२ चे नियम लागू होतात. पैसे बँकेमार्फत, ठरलेला फॉर्म भरूनच पाठवायचे. कार्डाने फी भरली आणि कंपनी झाली, एवढ्यावर ते संपत नाही. पुढे दर वर्षी विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. तो लपवला तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. एवढं करून तुला मिळणार काय? युरोत बिल देता येईल. ते तू आजही देतेस.

सगळ्यात धोक्याचं वाक्य तुझ्या मेसेजच्या शेवटी होतं. ‘कुठेच सहा महिने राहिलं नाही की कुठेच कर लागत नाही.’ बाळा, हे आपल्याला चालत नाही. भारतात वर्षाला १८२ दिवसांचा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण २०२० मध्ये कायद्यात एक कलम आलं. भारतीय नागरिकाचं परदेशी उत्पन्न वगळून उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात निवासी म्हणून कराला पात्र नसेल, तर त्याला भारताचाच निवासी मानायचं. भारतातून चालवलेल्या व्यवसायाची बाहेरची कमाईसुद्धा त्या १५ लाखांत धरली जाते. तू अजून त्या आकड्याच्या खाली आहेस, पण ज्या गतीने चालली आहेस त्या गतीने फार काळ राहणार नाहीस.

दिवस मोजताना दोन कॅलेंडरं ठेव. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, थायलंडचं जानेवारी ते डिसेंबर. तिथे एका वर्षात १८० दिवस झाले की तू त्यांची करनिवासी होतेस, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं बाहेरचं उत्पन्न तिथे आणलंस तर त्यावर ते कर मागू शकतात. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, म्हणून घाबरू नकोस. पण करार वापरायला निवासाचा दाखला लागतो, आणि तो मिळायला तू कुठलीतरी निवासी असावी लागतेस. येण्याजाण्याचे सगळे शिक्के, बोर्डिंग पास यांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकत जा.

लिस्बनचा डी-८ व्हिसा, म्हणजे तिथे राहून बाहेरच्या ग्राहकांचं काम करणाऱ्यांसाठीचा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याला पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ मध्ये ते वेतन ८७० युरो होतं, म्हणजे ३,४८० युरो झाले. किमान वेतन दर वर्षी वाढतं, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा आकडा बघ. व्हिसा मिळून तू तिथे खरोखर राहायला लागलीस तर इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागेल. ते मी आणि तू मिळून करू, तासाभराचं काम आहे.

मला जास्त विचार पडलाय तो वेळेचा. चियांग माई आपल्या दीड तास पुढे. तू सकाळी ९ ला बसतेस तेव्हा इथे साडेसात. पेढीतल्या रेश्मा आणि स्नेहल १० ला येईपर्यंत तू त्यांची कामं लावून ठेवलेली असतात. मेलबर्नशीही तुझं दुपारी बोलणं होतं. उन्हाळ्यात लिस्बनला सकाळचे ९ म्हणजे कोल्हापुरात दुपारचे दीड आणि मेलबर्नला संध्याकाळचे ६. हिवाळ्यात तर मेलबर्नला रात्रीचे ८. त्या बाईचं दुकान बंद झाल्यावर तू कामाला बसणार, किंवा पहाटे ४ ला उठणार. पहिला महिना उठशील, मग तब्येत बोलेल. रॉटरडॅमला मात्र लिस्बन सोयीचं, एका तासाचाच फरक. म्हणून जायच्या आधी मेलबर्नचं काम स्नेहलकडे हळूहळू सोपव. तिचं इंग्रजी चांगलं आहे, ती धीट आहे, फक्त तिला कुणी ग्राहकासमोर बसवलेलं नाही. त्या दोघींचे पगार १ तारखेला होतात याचं तिच्या घरी किती मोल आहे, हे तिची आई भेटली की मला सांगते. पेढी कोल्हापुरात राहावी म्हणते त्यात हेही आहेच.

आता तुझ्या रोजच्याबद्दल. २०२४ च्या जुलैत सुरू झालेला थायलंडचा डीटीव्ही व्हिसा तू रीतसर काढलास, पाच वर्षांचा, पाच लाख बाहतची शिल्लक दाखवून. शाबास. पण त्यावर थाई माणसाचं काम करायची मुभा नाही. खालचे कॅफेवाले दादा मेन्यूचं पान करून दे म्हणून तुझ्या मागे लागलेत, ते करू नकोस. जेवणाच्या बदल्यातही नको. चांगला माणूस आहे, तो समजून घेईल.

स्कूटर चालवतेस ते फोटोत दिसलं. तुझं आंतरराष्ट्रीय लायसन्स आपल्या आरटीओतून काढलेलं आहे, पण ते एक वर्षाचं असतं. त्यावर दुचाकीचा शिक्का आहे का आणि तारीख काय, हे आजच बघ. लायसन्स चालू नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि तिथलं खासगी हॉस्पिटल स्वस्त नाही. हेल्मेट भाड्याच्या स्कूटरबरोबर देतात तसलं पातळ नको, स्वतःचं घे.

आणि फेब्रुवारी ते एप्रिल तिथे थांबायचं नाही. डोंगरात वणवे, शेतात पाचट आणि खुंट जाळणं, हवा खोऱ्यात कोंडते. तुझा लहानपणचा दमा तू विसरली असशील, मी रात्रभर तुला मांडीवर उभं धरून बसायचे, मला तो लख्ख आठवतो. तेव्हा सरळ घरी ये. मार्चअखेर इथलं काम असतंच. नव्या वर्षाचं एलयूटी भरायचं, सीएंना भेटायचं, मुलींबरोबर महिनाभर एका टेबलावर बसायचं.

इथल्या सिमचा रिचार्ज मी करून ठेवलाय. ओटीपी त्यावरच येतात, ते बंद पडू देऊ नकोस. विम्याच्या पॉलिसीची पूर्ण पीडीएफ पाठव, पहिलं पान नको. एका प्रवासाला किती दिवसांची मर्यादा आहे ते मला वाचायचंय. एस्टोनियाचे पैसे अजून भरले नसशील तर थांब, शनिवारी सीएंबरोबर तिघं कॉलवर बसू. त्यांनी संध्याकाळी ५ ची वेळ दिलीय, तुझे साडेसहा.

तुझी,
आई