काकाजी, तुम्ही दिलेली गाठ अजून सुटली नाही

काकाजी, रामराम.

तुमचं नाव लिहू नको असं तुम्ही बजावलं, म्हणून लिहीत नाही. साकोलीकडच्या आपल्या तलावाच्या पाळीवर बसणारे तसेही ओळखतीलच. नात हे वाचून दाखवेल, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

मी पहिल्यांदा तुमच्या अंगणात आलो ते कोंबड्याची पिसं, शिलाईचा दोरा आणि ऑनलाइन मागवलेल्या बारीक गऱ्या घेऊन. व्हिडिओ बघून फ्लाय, म्हणजे माशाला फसवायला गरीवर पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा, बांधायला शिकत होतो. ते व्हिडिओ थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी असतात, पाण्यावर उतरणाऱ्या इवल्याशा किड्यांची नक्कल. तीन महिने मी तसलेच किडे बांधले. आपल्या तलावातल्या मरळ माशाने एकाकडेही ढुंकून पाहिलं नाही. वर दोन-चार फेकीतच दोरा उसवायचा आणि पीस पाण्यावर तरंगत निघून जायचं.

तुम्ही जाळं सांधत होता. माझी फ्लाय नखाने उचकून म्हणालात, "बांधलं चांगलं हाय बाबू, पण शेवटच नाही केला."

मग ती गाठ. दोऱ्याचं टोक गरीच्या दांडीवर आडवं धरायचं, त्याच्यावरूनच पाच-सहा वेढे घट्ट घ्यायचे आणि टोक हळूहळू ओढून वेढ्यांखाली बसवायचं. वर फुगवटा राहत नाही, माशाचे दात अडकायला काही उरत नाही. यालाच 'व्हिप फिनिश' म्हणतात आणि त्यासाठी वेगळं हत्यार विकतात. तुम्ही ती दोन बोटांनी केली. आता मी वर नेलपॉलिशचा एक थेंब सोडतो, बस.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला काही बांधूच दिलं नाही. पाळीवरून नुसतं बघायला लावलं. धानाच्या बांधीतून नाकतोडे उडून पाण्यात पडत होते, कमळाच्या पानांवर बेडक्या होत्या. मरळ हवा घ्यायला वर येते, तिथे पाणी गोल हलतं. त्या गोलावर नाही, जरा पुढे टाकायचं, हे तिथेच कळलं. मग आपण रबरी चपलेच्या तळव्यातून बेडूक कापला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांचे पाय लावले. गऱ्यांची टोकं वरच्या बाजूला, अंगाला चिकटून ठेवली, म्हणून तो कमळांतून, शेवाळातून न अडकता सरकतो. दुकानातल्या महागड्या बेडकापेक्षा मला तोच प्यारा आहे.

पण खरे आभार मानायचे ते पावसाळ्यातल्या त्या सकाळचे. पाण्यावर मरळीच्या शेंदरी पिल्लांचा घोळका दिसला आणि मी बेडूक फेकायला हात उचलला. तुम्ही मनगट धरलंत. "थे भुकेनं नाही धावत, लेकरांसाठी धावते. तिले काढलं तं लेकरं कोण राखन?" तेव्हापासून असा घोळका दिसला की मी दोर गुंडाळतो. गरीचा काटाही पक्कडीने दाबून सपाट करतो, म्हणजे लहान मासा फार जखम न होता सुटतो.

मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, 1950च्या कायद्याने गेली, तलाव 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले, पण त्यांच्यावर पोट आहे ते अजूनही तुमच्यासारख्या मासे धरणाऱ्या ढिवर घरांचं. त्या पाण्यात एका हौशी माणसाला बसू द्या म्हणून तुम्ही मच्छीमारांच्या संस्थेत माझ्यासाठी शब्द टाकलात. तो शब्द मी विसरलेलो नाही. धरलेला मासा आधी संस्थेच्या माणसाला दाखवतो, मगच पिशवीत टाकतो.

नातीकडे सहा बेडूक आणि चार नाकतोडे दिले आहेत. नाकतोड्याचे पंख तुमच्याच लाल कोंबड्याच्या मानेच्या पिसांचे आहेत. एकाची गाठ थोडी तिरपी बसली आहे, ती बघून ठेवा. रोवणी आटोपली की येतो.

तुमचा,
बाबू