आबा, तो तारा फुटत नाहीये
सांता क्रूझ, कॅलिफोर्निया

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी पाठवलेला फोटो बघून तुम्ही फोनवर विचारलंत, "हा तारा फुटतोय का गं?" मधेच आईनं जेवणाची चौकशी सुरू केली आणि उत्तर राहून गेलं. आबा, तो फुटत नाहीये, जन्माला येतोय.

थंडीत मृग डोक्यावर आलं की बाणाच्या तीन चांदण्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो ना, त्याच्याही जरा खाली फोटोतली ही जागा आहे. सुमारे १३०० प्रकाशवर्षं लांब. १९५० च्या आसपास इथल्याच लिक वेधशाळेच्या जॉर्ज हर्बिग यांना आणि मेक्सिकोत गिलेर्मो आरो यांना तिथं चमकते पुंजके सापडले. हर्बिग यांच्या १९४७ आणि १९५४ च्या फोटोंत तर एका पुंजक्यात दोन ठिपके नव्यानं उगवलेले! नवे तारेच असणार, असं तेव्हा वाटलं.

पण तो होता धडकून तापलेला वायू. बाळताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. आत येताना वायूची गिरकी वाढत जाते आणि ती कुठंतरी उतरल्याशिवाय तो ताऱ्यावर पडूच शकत नाही. म्हणून थोडा वायू चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर दोन्ही ध्रुवांकडून बाहेर फेकला जातो, सेकंदाला २००-३०० किलोमीटर वेगानं. मुंबईहून पुणं अर्ध्या-पाऊण सेकंदात! वाटेतल्या संथ वायूवर हा झोत आदळला की तिथला हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक उजळून निघतात. म्हणजे हे फेकणं थांबलं, तर ताऱ्याचं वाढणंही अडेल.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. १९८१ मध्ये हर्बिग आणि बर्टन जोन्स यांनी जुने-नवे फोटो मोजून दाखवलं की दोन पुंजके एकमेकांच्या उलट दिशांना पळताहेत. मग उगम मधेच कुठंतरी हवा. १९८५ मध्ये रेडिओ दुर्बिणींना तो मिळाला, धुळीत पुरता झाकलेला. साध्या दुर्बिणीतून कुणालाच न दिसलेल्या ताऱ्याचा पत्ता त्यानं फेकलेल्या वायूनं दिला!

हबल या अवकाश दुर्बिणीनं १४ वर्षांत घेतलेले फोटो काल एकामागून एक लावून बघितले. पुंजक्याची पुढची कड चक्क सरकलेली दिसते, एक गाठ फिकट होते, दुसरी उजळते. आकाशात असं काही माणसाच्या हयातीत बघायला मिळतं, याचा मला फार आनंद आहे. ते फोटोही पाठवते, मोठ्या स्क्रीनवर बघा.

आईच्या गुडघ्याचं कळवा. तिला नमस्कार.

तुमची,
धाकटी