घर द्यायच्या आधी दोन रात्री तिथे झोप

प्रिय बाळ,

परवा फोनवर तू सांगितलंस की फ्लॅट रिकामा झालाय आणि आता तो वर्षाच्या करारावर न देता, सगळं सामान घालून, कामासाठी गावोगावी फिरणाऱ्या लोकांना द्यायचं तुझ्या मनात आहे. मी तेव्हा नुसतं "बरं" म्हणाले, कारण फोनवर अर्धंच सुचतं. आपलं वरच्या मजल्यावरचं घर मी किती वर्षं अशाच लोकांना देते आहे, तू पाहिलंच आहेस. तेव्हा आता शांतपणे लिहिते.

तू पाठवलेला हिशेब बघितला. त्यात तू बारा महिन्यांचं भाडं धरलं आहेस, आणि मला काळजी वाटली ती त्याचीच. फिरतीवरची नर्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाणारी, तिचं काम बऱ्याचदा १३ आठवड्यांचं असतं. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे कागदावर बरोबर चार मुक्काम बसतात. पण एक माणूस रविवारी गेला आणि दुसरा सोमवारी बॅग घेऊन दारात उभा, असं माझ्याकडे फार क्वचित झालं. मध्ये दोन आठवडे जातात, कधी महिनासुद्धा. म्हणून तीनच मुक्काम धर. ३९ आठवडे, म्हणजे वर्षाचे ७५ टक्के. आता समज, नुसत्या घराला महिन्याला १०० मिळतात आणि सामानासकट १४०. १४०चे ७५ टक्के झाले १०५. वर्षाच्या भाडेकरूपेक्षा फक्त पाच जास्त, आणि त्या पाचातून वीज, पाणी, इंटरनेट, प्रत्येक मुक्कामानंतरची सफाई, फुटलेले कप, झिजलेल्या चादरी. फर्निचरचा खर्च तर अजून धरलेलाच नाही. म्हणजे उघड तोटा. १६० मिळत असतील तर १२० हातात येतात, तिथून पुढे विचार करण्यासारखं आहे. तुझ्या भागातले खरे आकडे काढ आणि हेच गणित पुन्हा मांड. जमत नसेल तर घर वर्षाच्या करारावर दे. त्यात काही कमीपणा नाही, मी स्वतः दोन वर्षं तसंच दिलं होतं.

आकडे काढताना नुसत्या जाहिराती बघू नकोस. मालक किती मागतो ते तिथे कळतं, लोक किती देतात ते कळत नाही. जवळच्या मोठ्या रुग्णालयात, कारखान्यात, विद्यापीठात जाऊन मनुष्यबळ विभागाला सरळ विचार, की बाहेरून येणारे लोक किती महिन्यांसाठी येतात, कुठे राहतात आणि त्यांना काय मिळत नाही. माझे अर्धे भाडेकरू अशा विचारपूस करण्यातून आले. नर्स, एखाद्या प्रकल्पावर आलेले इंजिनिअर, हिशेब तपासायला आलेले लेखापरीक्षक, एका सत्रापुरते शिकवायला आलेले प्राध्यापक. शिवाय ज्यांच्या घरात आग लागली किंवा पाणी शिरलं आणि दुरुस्ती चालू आहे अशी कुटुंबं. त्यांचा तात्पुरता राहण्याचा खर्च कधीकधी विमा कंपनी देते, आणि दुरुस्ती लांबली की मुक्कामही लांबतो. त्यांना दोन खोल्या आणि मुलांना अभ्यासाला जागा लागते, एकट्या नर्सला लागत नाही. तुझा फ्लॅट कोणासाठी योग्य आहे ते आधी ठरव, मग सामान घे. बहुतेक जण आधी सामान घेतात.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते, पण टाळू नकोस. सोसायटीचे नियम, कर्जाच्या कागदातली अट आणि घराचा विमा, तिन्ही वाचून घे. स्वतः राहायच्या घराचा साधा विमा भाड्याने दिल्यावर लागू राहीलच असं नाही. कंपनीला लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे. बऱ्याच शहरांत ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम दिला की पर्यटकांच्या निवासाचे नियम, नोंदणी आणि कर लागतात. म्हणून मी किमान एक महिना ही अट कधी मोडली नाही. उलट बाजूही बघ. बऱ्याच ठिकाणी जास्त दिवस राहणाऱ्याला भाडेकरूचे पूर्ण हक्क मिळतात, आणि मुदत संपली म्हणून आपण मनाने कुलूप बदलू शकत नाही. करार वकिलाकडून एकदा नीट करून घे.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते.

माझ्याकडे पहिली आली ती रात्रपाळीची नर्स होती. घर मी फार हौसेने सजवलं होतं. पांढरे झिरझिरीत पडदे, भिंतीवर चित्रं, पलंगावर सहा उशा. ती १३ आठवडे राहिली, भाडं वेळेवर दिलं, एक तक्रार केली नाही. गेल्यावर मी वर गेले तर झोपायच्या खोलीच्या खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीचे डाग. तिने आतून पुठ्ठा लावला होता. सकाळी कामावरून येऊन ती दिवसा झोपत होती, आणि माझ्या पडद्यांतून सगळं ऊन तिच्या डोळ्यांवर. जाताना तिने पुठ्ठा काढून काच पुसायचा प्रयत्नही केला होता. मी त्या डागांकडे बघत बराच वेळ उभी राहिले. त्यातला एक महिना तर मी रोज सकाळी अकराला खाली अंगणात कपड्यांचा दणका लावत होते, तेही तेव्हाच आठवलं. तिला पुढे दुसरीकडे काम मिळालं, पण माझ्याकडे ती पुन्हा कधी आली नाही.

तेव्हापासून मी कुणालाही घर द्यायच्या आधी त्यात दोन रात्री स्वतः झोपते. तूही झोप, आणि एकदा भर दुपारीही झोपून बघ. नळाचं गरम पाणी किती वेळाने येतं, पलंगावरून दिव्याचं बटण हाताला येतं का, फोन लावायला उशाशी प्लग आहे का, शेजारचा दरवाजा किती जोरात आपटतो, हे झोपल्याशिवाय कळत नाही. पैसे घालायचे ते चांगल्या गादीत, ऊन पूर्ण अडवणाऱ्या जाड पडद्यांत, पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीत आणि टेबलात घाल. चादरींचे तीन संच ठेव, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. स्वयंपाकघरात धार असलेली सुरी आणि झाकणं बसणारी भांडी असू देत. चित्रं नंतर घेता येतील.

इंटरनेटवाला जो वेग सांगतो तो बहुधा डाउनलोडचा असतो. घरून काम करणाऱ्याला अपलोडही चांगला लागतो. चांगल्या प्रतीच्या एका व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते टेबलाशी मिळाले पाहिजेत. लॅपटॉप टेबलावर ठेवून वेग मोज, कमी आला तर राउटर घराच्या मध्यावर आण. धुराचा अलार्म आणि अग्निशामक हे हवंच. गॅसवर चालणारं काही असेल तर कार्बन मोनॉक्साईडचाही अलार्म लाव, कारण त्या वायूला वास नसतो.

करारात दोन गोष्टी आवर्जून घाल. एक, मुक्काम वाढवायचा असेल तर किती दिवस आधी सांगायचं. मी तीन आठवडे ठेवते, त्याशिवाय पुढच्या माणसाला तारीख देता येत नाही. दुसरी, त्यांचं कामच मध्ये रद्द झालं तर काय. नर्सच्या बाबतीत हे होतं आणि त्यात तिचा काही दोष नसतो. मी ठरावीक दिवसांची सूचना घेते आणि उरलेलं भाडं परत करते. विजेची मर्यादा लिही, सामानाची यादी कर, प्रत्येक खोलीचे फोटो तारखेसह ठेव आणि पहिल्या दिवशी तू आणि भाडेकरूने मिळून यादीवर सही करा. अनामत परत करताना वाद होतो तो यादी नसते म्हणून.

फसवणुकीबद्दलही सावध राहा. एकाने मला न बघता घर हवं म्हणून ठरलेल्या रकमेपेक्षा बराच मोठा चेक पाठवला आणि वरचे पैसे लगेच परत मागितले. खात्यात रक्कम दिसत होती, पण चेक खरोखर वटायला वेळ लागतो आणि तो खोटा निघाला तर परत केलेले पैसे आपलेच जातात. मी थांबले, चेक परत आला. असा आग्रह आला की तिथेच नाही म्हण. नोकरीची खात्री करताना त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन करू नकोस, संस्थेचा मुख्य नंबर स्वतः शोधून त्यावर कर. आणि भाडेकरूलाही तितकीच भीती असते हे विसरू नकोस. दुसऱ्याच्या घराचे फोटो टाकून अनामत लाटणारे लोक आहेत. म्हणून पैसे मागायच्या आधी व्हिडिओवर तू स्वतः दार उघडून घर दाखव.

घरात कॅमेरा नको, आणि न विचारता पाऊल नको. नळ गळत असला तरी आधी संदेश, मग वेळ ठरवून जाणं. माणूस गेला की दाराचा कोड त्याच दिवशी बदल.

अजून गादी घेतली नसशील तर थांब. मी शनिवारी येते, येताना जुनी झोपायची चटई आणि मोजपट्टी आणीन. दोन रात्री तिथेच राहू. खिडक्यांची मापं त्याच वेळी घेऊ, आणि पूर्वेची खिडकी सकाळी किती वाजता उजळते ते मला बघायचं आहे.

तुझी,
आई