बाबा, हात तुमचा हलत नव्हता

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की आता हात थरथरायला लागला बहुतेक, आजोबांचा तो स्कॅन केलेला फोटो मोठा करायला गेलो की चेहरा बाजूला सटकतो. आणि लगेच विषय बदलला. मी पण "हो का" म्हणून सोडून दिलं, पण फोन ठेवल्यावर डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माउस बाजूला ठेवला आणि तुमच्यासारखं लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटांनी झूम करून बघितलं, तर माझ्याकडेपण चेहरा सटकला, डावीकडे वर, हळूहळू, आणि शेवटी स्क्रीनवर नुसती मागची भिंत. बाबा, तुमचा हात ठणठणीत आहे. चूक माझ्या कोडमध्ये होती.

फोनवर समजवायला घेतलं की तुम्ही दोघं "बरं बरं" करता म्हणून लिहूनच काढते.

तुम्ही सगळ्यांना सांगता की ती फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर करते. तसं नाहीये खरं. सुधारायचं, रंग भरायचं, डाग पुसायचं काम दुसरे लोक करतात. मी फक्त दाखवायचं बघते, म्हणजे चित्र ज्या जागेत दिसतं तो कॅनव्हास, तो मोठा करणं, सरकवणं, फिरवणं, उलटा करणं. एकच नियम, बघताना मूळ चित्राला धक्का लागता कामा नये. आई वही तिरकी ठेवून लिहिते ना, अक्षरं वहीत सरळच असतात, तिरकी फक्त वही. तसंच कॅनव्हास फिरवायचं. चित्र काढणाऱ्यांच्या हाताला एका बाजूची गोलाई सहज जमते, दुसऱ्या बाजूची नाही, म्हणून ते सारखा कागद फिरवतात. फोटोशॉपमध्ये ही सोय २००८ च्या सीएस४ व्हर्जनमध्ये आली, गिंप नावाच्या तसल्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये २०१८ च्या २.१० व्हर्जनमध्ये. ऐकायला सोपं वाटतं पण कॅनव्हास तीस अंश फिरवला की पेन स्क्रीनवर जिथे टेकलं ती जागा उलट हिशोब करून मूळ चित्रात शोधावी लागते. तो हिशोब मी एकदा एका ठिकाणी विसरले होते. माणूस नाकावर रेघ मारतोय आणि रेघ उमटतेय कानावर! टीममध्ये अजून चिडवतात.

आता तो सटकणारा चेहरा.

झूम करताना माणसाची अपेक्षा एवढीच असते की जिथे बाण ठेवलाय ती जागा तिथेच राहावी आणि बाकीचं तिच्याभोवती वाढावं. त्यासाठी प्रत्येक वेळी चित्राचा डावा वरचा कोपरा किती सरकवायचा ते काढावं लागतं. उत्तर येतं समजा ४१२.७ पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांचं बनतं ते बारीक ठिपके. मी प्रत्येक पायरीला पुढचा अपूर्णांक कापून सरळ ४१२ धरत होते. दिसायला काहीच नाही, एका पिक्सेलपेक्षा कमी. पण पुढच्या पायरीला चित्र वाढतं तेव्हा आधीची चूकही तितक्याच पटीने वाढते आणि वर नवीन चूक पडते. व्याजावर व्याज, बाबा, हे तुम्हाला मी काय सांगायचं. माउसचं चाक एकदा फिरवलं की आमच्याकडे चित्र थेट दुप्पट होतं, म्हणजे १० टक्क्यांवरून ८०० टक्क्यांवर जायला सहा-सात पायऱ्या, चूक होते सरासरी चाळीसेक पिक्सेल, कोणाच्या लक्षातही येत नाही. टचपॅड मात्र एका वेळी जेमतेम दोन टक्के वाढवतं, तेवढंच अंतर जायला दोनशेच्या वर पायऱ्या लागतात आणि चूक साचत साचत दोन हजार पिक्सेलच्या आसपास जाते. आख्ख्या स्क्रीनची रुंदी! आणि आम्ही सगळे टेबलावर माउस घेऊन बसणारे, मी माउसनेच तपासलं, माझा कोड तपासणाऱ्यानेही माउसनेच, सगळ्यांनी छान छान म्हटलं.

आता अपूर्णांक शेवटपर्यंत तसाच ठेवते, पूर्ण आकडा फक्त स्क्रीनवर काढायच्या क्षणी करते. बदल तीन ओळींचा. पण त्या तीन ओळींसाठी तुम्ही किती दिवस स्वतःच्या हाताकडे संशयाने बघत बसलात याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी काही बिघडलं तर आधी मला शिव्या घाला, मग हाताला.

आईने पण एक विचारलं होतं, की फोटो लहान असताना आजोबांच्या चष्म्याची दांडी दिसत नाही आणि मोठा केला की दिसते, हे कसं. आई, तू बरोबर पकडलंस, तोही माझाच प्रताप. तो स्कॅन आहे १२००० बाय ८०००, म्हणजे ९ कोटी ६० लाख पिक्सेल, आणि साध्या स्क्रीनवर मावतात जेमतेम वीस लाख. पाव आकारात दाखवायचा तर सोळा पिक्सेलचा मिळून एक करावा लागतो. त्या सोळांची सरासरी काढली तर बारीक दांडी फिकट का होईना दिसते. पण सरासरीला वेळ लागतो, आणि फोटो सरकवताना अडखळू नये म्हणून स्क्रीन सेकंदाला साठ वेळा नव्याने काढायची असते, एका वेळेला सोळा-सतरा मिलिसेकंद, संपलं. म्हणून मी शॉर्टकट मारला होता, सोळातला एकच उचलायचा आणि बाकी सोडायचे. दांडी त्या सोडलेल्यांत गेली. आता फोटो उघडतानाच त्याच्या निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या नीट सरासरी काढलेल्या प्रती करून ठेवते आणि झूम बघून जवळची प्रत उचलते. सगळ्या प्रती मिळून जागा मूळच्या फक्त एक तृतीयांशच जास्त लागते, ही मला अजूनही जादू वाटते. त्यातही आख्खा फोटो काढत नाही, त्याचे चौकोनी तुकडे करून जे स्क्रीनवर दिसतायत तेवढेच.

बाकी माझं बरं चाललंय. मान दुखते अधूनमधून, खुर्ची बदलून मागितलीये, बघू.

नवीन व्हर्जन तुमच्या लॅपटॉपवर रविवारी फोनवरून बोलत बोलत टाकून देते, स्वतः काही डाउनलोड करू नका. आणि बाबा, आलं की एक करून बघा. बाण आजोबांच्या उजव्या डोळ्यावर ठेवा आणि टचपॅडनेच ३०० टक्क्यांपर्यंत जा, चेहरा आता हलणार नाही. चष्म्याच्या काचेत एक खिडकी दिसतेय, आणि खिडकीत कोणीतरी उभं आहे, बहुतेक फोटो काढणारा माणूस नाही, कारण उंची फारच कमी आहे. मी चाचणी करता करता दहा वेळा बघितलं. तुम्ही आहात का ते?

तुमची,
मनू