पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कक्षासाठी माजी विद्यार्थ्यांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या ग्रंथालयातले बल्लारशाच्या सागाचे लांब टेबल आपणां सर्वांना आठवत असेलच. १९७८ च्या एम.ए. मराठीच्या तुकडीने खानावळीच्या पैशांत काटकसर करून ते घेतले आणि सीताबर्डीच्या बाजारातून हातठेल्यावर स्वतः ढकलत आणले. त्यावरचे चार पंखे बर्डीवरच्याच एका कापड दुकानदारांनी, आपले शिक्षण अर्धवट राहिले ही खंत मनात ठेवून, नाव न लावण्याच्या अटीवर दिले. संस्कृतच्या बाईंनी निवृत्तीनंतर आपले सगळे कोश रिक्षात घालून पाठवले; त्यांची बांधणी आता खिळखिळी झाली आहे, पण समासातल्या बाईंच्या पेन्सिलीच्या टिपा वाचूनच आजही मुले नेट-सेटची तयारी करतात. अशा माणसांचे हे महाविद्यालय आहे, याचा माजी विद्यार्थी मंडळाला अभिमान वाटतो.

मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे बसायला जागा नाही, हेही सांगणे भाग आहे. सकाळी कनिष्ठ महाविद्यालय, दुपारी पदवीचे वर्ग आणि उरलेल्या वेळेत, उरलेल्या खोल्यांत एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. अशी व्यवस्था असल्याने दोन तासिकांमध्ये दोन-दोन, तीन-तीन तास मोकळे जातात. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाल्यापासून उमरेड-भिवापूरची मुले पहाटेच्या एसटीने येतात. गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले, तरी त्या भागातली काही मुले अजूनही आपल्याकडेच शिकतात. भिवापूरची एक विद्यार्थिनी सायकल स्टँडच्या कठड्यावर डबा ठेवून उभ्यानेच जेवताना आम्ही परवा पाहिली. पोळी एका हातात, टिपणवही दुसऱ्या हातात. शासनाच्या स्वाधार योजनेतून काहींच्या खोलीचे भाडे निघते, पण खासगी अभ्यासिकेचे मासिक शुल्क पुन्हा वेगळेच.

एकाच इमारतीत दोन वर्षे काढूनही इतिहासाच्या मुलांना रसायनशास्त्राची मुले नावाने ठाऊक नसतात. आपल्या वेळी फाटकासमोरच्या तर्री-पोह्याच्या टपरीवर सगळे विभाग एकत्र येत (उधारीची वहीसुद्धा एकच होती!). ती टपरी रस्ता रुंदीकरणात गेली आणि स्नेहसंमेलन तर पहिल्यापासूनच पदवीच्या मुलांचे.

ग्रंथालयामागची जुनी खोली प्राचार्यांनी आता पदव्युत्तर कक्षासाठी मंडळाकडे सोपवली आहे. अभ्यास, डबा, तसेच शनिवारी सायंकाळी सर्व विभागांची वाचन-चर्चेची बैठक, असा तिचा उपयोग होईल. मागील वर्षी याच कामासाठी पाठवलेल्या पत्राला सात जणांनी उत्तरे दिली, त्यांतील दोघांनी मेळाव्यातील जेवणाचीच चौकशी केली. राग नाही, पण टेबल ढकलत आणणाऱ्यांच्या पुढच्या तुकड्यांकडून आमची अपेक्षा निराळी होती.

छताची गळती, वायरिंग, टेबल-खुर्च्या, दोन कूलर व पाण्याचे यंत्र मिळून अंदाजे २ लाख ४० हजार रुपये खर्च आहे. उन्हाळी परीक्षांच्या वेळी पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून काम मार्चअखेर संपवायचे आहे. धनादेश मंडळाच्या नावे, कार्यालयात ११ ते ४, रविवार सोडून. पावती लगेच मिळेल. वस्तुरूपाने देणाऱ्यांनी आधी कळवावे, जुने सोफे कृपया आणू नयेत. खोलीची किल्ली लिपिकांकडे आहे, येऊन पाहून जावे.

आपला,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ, नागपूर