आईच्या पोटाचं काय चाललंय

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आई, मावशीकडच्या बारशालाही तू गेली नाहीस म्हणे. जेवण झालं की पळावं लागतं, म्हणून. पित्ताशय काढल्यापासून 'पोट नाजूक झालंय' असं म्हणत तू हे गुपचूप सोसते आहेस. मला वेगळीच शंका येते.

पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशयात ते नुसतं साठतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून कोलिक आणि चिनोडिऑक्सिकोलिक ही आम्लं बनवतं. त्यांची एक बाजू पाण्याशी जमवून घेते, दुसरी तेलाशी, त्यामुळे भांड्यांच्या साबणासारखी ती तुपाचे बारीक थेंब करतात. काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के आम्लं यकृताकडे परत जातात. अंगात असतात जेमतेम काही ग्रॅम, पण दिवसातून अनेक फेऱ्या होतात.

आता साठवण नाही, त्यामुळे पित्त सतत झिरपतं. परत न गेलेली आम्लं मोठ्या आतड्यात पोचली, तिथल्या जंतूंनी कोलिकचं डिऑक्सिकोलिक केलं, की आतडं पाणी सोडतं आणि घाई होते. तुझं हेच आहे असं छातीठोकपणे सांगत नाही, पण ऑपरेशननंतर काहींना हा त्रास होतो.

त्यावर कोलेस्टायरामिन नावाची पावडर असते. ती अंगात शोषली जात नाही. आतड्यातच आम्लांना धरून बाहेर नेते. मात्र ती तुझी थायरॉइडची गोळीही धरून ठेवते, म्हणून दोन्हींत चारेक तासांचं अंतर लागतं. डॉक्टरांना त्या गोळीबद्दल आवर्जून सांग. तूप कमी केलंस ते ठीक, पण जेवणच तोडू नकोस. रक्त पडणं, वजन उतरणं, रात्री उठावं लागणं, यातलं काही असेल तर लाजू नकोस, आधी तेच सांग.

बाबा, या आम्लांवरच्या कामासाठी हाइनरिक वीलँडला १९२७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याने मांडलेली रचना १९३२ मध्ये बदलावी लागली. तेव्हा 'मनाचे खेळ आहेत' हे तुम्हीही मागे घ्यायला हरकत नाही. आणि दवाखान्यात आईलाच बोलू द्या.

तुमची लेक